मंदींतील करकपात आणि लोकांचा अविश्वास

सरकारनें कर वाढविला म्हणजे लोक कुरकुर करतात, ही गोष्ट फार जुनी आहे आणि तिचें कोणास नवल वाटत नाहीं. नवल वाटावें अशी गोष्ट दुसरीच आहे. सरकार आपण होऊन कर कमी करतें, लोकांच्या खिशांतून जाणारा पैसा लोकांच्याच खिशांत राहूं देतें, आणि तरीहि लोक समाधान मानण्याऐवजीं साशंक नजरेनें एकमेकांकडे पाहूं लागतात. मंदीच्या दिवसांत तर हें हटकून घडतें. राज्यकर्त्यांस हा कृतघ्नपणा वाटतो. अर्थशास्त्र्यांपैकीं कांहींना तें निव्वळ अज्ञान वाटतें. परंतु घरचा जमाखर्च रोज लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर या संशयांत बराचसा हिशोब असतो, आणि तो हिशोब पुष्कळदां राज्यकर्त्यांच्या हिशोबापेक्षां सरळ असतो.

ब्रिटनमध्यें २००८ सालाच्या अखेरीस जें घडलें, तें या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. आधींच्या वर्षीं, सप्टेंबर २००७ मध्यें, नॉर्दर्न रॉक या बँकेच्या दारांशीं ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. एखाद्या बँकेवर ठेवीदारांची अशी झुंबड उडण्याचा प्रसंग त्या देशानें शतकाहून अधिक काळ पाहिला नव्हता. पुढें वर्षभरानें, १५ सप्टेंबर २००८ रोजीं, अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, आणि महिन्याभराच्या आंत ब्रिटिश सरकारला तीन मोठ्या बँका सांवरण्यासाठीं ३७ अब्ज पौंड, म्हणजे तीन हजार सातशें कोटि पौंड, ओतण्याचें जाहीर करावें लागलें. अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनीं ऑगस्टमध्येंच एका वर्तमानपत्राला मुलाखत देतांना ही परिस्थिति साठ वर्षांतील सर्वांत वाईट म्हणतां येईल अशी आहे, असें सांगून टाकलें होतें. खरें बोलल्याबद्दल त्यांचेच सहकारी त्यांच्यावर रुष्ट झाले. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीं त्यापूर्वीं दहा वर्षें अर्थखातें सांभाळलें होतें. आणि तेजी-मंदीचा जुना फेरा आतां संपला, असें ते त्या दहा वर्षांत वारंवार सांगत आले होते. तो फेरा पुनः दारांत येऊन उभा राहिला तेव्हां तें आश्वासन लोकांच्या स्मरणांतून गेलेलें नव्हतें.

सोमवार, २४ नोव्हेंबर २००८ रोजीं डार्लिंग यांनीं कॉमन्स सभेंत आपल्या योजना मांडल्या. सगळी मिळून योजना सुमारें २० अब्ज पौंडांची होती, आणि त्यांतील सुमारें साडेबारा अब्ज पौंड एकाच कलमांत जाणार होते. तें कलम म्हणजे मूल्यवर्धित कराची कपात. हा कर, ज्यास तिकडे थोडक्यांत व्हॅट म्हणतात, माल तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वाढणाऱ्या किंमतीवर बसतो आणि शेवटीं सगळाच्या सगळा गिऱ्हाइकाच्या माथीं येतो. त्याचा सर्वसाधारण दर शेंकडा १७.५ होता. तो १ डिसेंबरपासून शेंकडा १५ वर आणावयाचा, ३१ डिसेंबर २००९ पर्यंत तेथें ठेवावयाचा आणि मग पुनः पूर्वींच्या जागीं न्यावयाचा, असें ठरलें. नाताळची खरेदी तोंडावर आली होती. किंमतीच्या चिठ्ठ्या बदलण्यास दुकानदारांच्या हातीं अवघा एक आठवडा होता.

आतां गृहिणीचा हिशोब पाहावा. शेंकडा १७.५ चे १५ झाले म्हणजे शंभरामागें अडीच वांचले, असें ऐकतांना वाटतें. पण तें खरें नाहीं. करासह ११७ पौंड ५० पेन्सांना मिळणारी वस्तु आतां ११५ पौंडांना मिळणार. म्हणजे दुकानांत ज्या वस्तूवर शंभर पौंड अशी चिठ्ठी होती, ती सत्त्याण्णव पौंड सत्त्याऐंशी पेन्सांना मिळावयाची. दहा पौंडांच्या वस्तूमागें एकवीस पेन्स, एका पौंडाच्या वस्तूमागें दोन पेन्स! आणि हेंहि केव्हां? दुकानदारानें सगळा लाभ गिऱ्हाइकाच्या पदरांत टाकला तर. कायद्यानें त्याच्यावर तशी सक्ति नव्हती.

शिवाय ज्या वस्तूंवांचून गरीब घराचें चालतच नाहीं, त्या या कपातीच्या वाटेंत आल्याच नाहींत. ब्रिटनमध्यें बहुतेक अन्नपदार्थ, लहान मुलांचे कपडे, पुस्तकें आणि वर्तमानपत्रें यांवर या कराचा दर मुळांतच शून्य आहे. घरांत जळणारा गॅस आणि वीज यांवर तो त्या वेळींहि शेंकडा पांचच होता, आणि तो होता तेथेंच राहिला. राहत्या घराचें भाडें करांतून वगळलेलेंच आहे. तेव्हां ज्याच्या मिळकतीचा बहुतेक भाग पाव, दूध, भाडें आणि शेगडी यांतच जातो, त्याला या साडेबारा अब्जांपैकीं कितीसा वांटा मिळणार? ज्याला नवें टेलिव्हिजन यंत्र किंवा मोटार घ्यावयाची होती त्याला मात्र कांहीं मिळण्यासारखें होतें. सरकारच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, याच शून्य दरांमुळें एरवीं हा कर गरिबांवर वाटतो तितका जड पडत नाहीं; पण जो कर अंगावर पडतच नाहीं त्याची सूट मिळाल्याचा आनंद तरी कसा व्हावा?

पेट्रोल, दारू आणि तंबाखू यांच्या बाबतींत तर मौजच झाली. या वस्तूंवरचा व्हॅट उतरला, आणि त्याच दिवसांत त्यांवरची निराळी जकात तेवढ्या मानानें चढविण्यांत आली. पेट्रोलवर ती लिटरमागें दोन पेन्सांनीं वाढली. एका हातानें दिलें, दुसऱ्यानें घेतलें, आणि पंपावरच्या गिऱ्हाइकाला कांहीं दिलें-घेतलें असें कळलेंहि नाहीं.

दुकानांतली स्थिति त्याहून विचित्र होती. मंदीनें विक्री इतकी बसली होती कीं दुकानदार आपण होऊनच भाव पाडीत होते. मार्क्स अँड स्पेन्सर या मातबर दुकानानें अर्थमंत्र्यांच्या भाषणाच्या चारच दिवस आधीं, २० नोव्हेंबरला, एका दिवसापुरती शेंकडा वीस सूट जाहीर केली होती. जेथें शेंकडा वीस सूट देऊनहि गिऱ्हाईक बिचकत होतें, तेथें आणखी दोहोंनीं काय होणार, असा प्रश्न व्यापारीवर्ग उघड उघड विचारूं लागला. त्याच आठवड्यांत वूलवर्थ्स ही १९०९ पासून ब्रिटनच्या गांवोगांवीं पसरलेली स्वस्त मालाची दुकानें चालविणारी कंपनी दिवाळ्यांत निघाली. आठशेंहून अधिक दुकानें एकामागून एक बंद होत गेलीं, आणि ६ जानेवारी २००९ रोजीं शेवटच्या दुकानाचें दार लागलें. ज्या पेठेंत असें एखादें दुकान ओस पडलेलें दिसत होतें, त्या पेठेंतील माणसाला आपली नोकरी टिकते कीं नाहीं याची चिंता. त्याला दोन पेन्सांचें काय?

इतकें झालें तरी हा केवळ क्षुल्लकपणाचा आक्षेप झाला. लोकांच्या मनांतील खरी शंका निराळी होती: हे पैसे परत कोण भरणार? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जाण्याचें कारण नव्हतें, कारण तें त्याच भाषणांत होतें. सरकारचें कर्ज त्या वर्षीं ७८ अब्ज पौंडांनीं आणि पुढील वर्षीं ११८ अब्ज पौंडांनीं वाढेल, असें डार्लिंग यांनींच सांगितलें. (पुढें एप्रिल २००९ च्या अंदाजपत्रकांत हा दुसरा आकडा १७५ अब्जांवर गेला.) दीड लाख पौंडांवरील मिळकतीवर एप्रिल २०११ पासून शेंकडा ४५ कर बसेल आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी त्याच वेळीं अर्ध्या टक्क्यानें वाढेल, असेंहि त्यांनीं जाहीर केलें. यांत लपवाछपवी नव्हती. उलट अशा स्पष्टपणाबद्दल त्यांचें कौतुक करावयास हरकत नाहीं. पण ऐकणाऱ्याला काय ऐकूं आलें? आज दोन पेन्स घ्या, आणि अडीच वर्षांनीं पगारांतून अधिक कापूं.

त्यांत आणखी एक फजिती घडली. भाषणाला दोन दिवस होतात न होतात तोंच खजिना खात्याचा एक कागद उघडकीस आला. कनिष्ठ मंत्री स्टीफन टिम्स यांची सही असलेल्या त्या कागदांत, व्हॅटचा दर पुढें शेंकडा १७.५ वर न थांबवितां १८.५ पर्यंत नेण्याचा उल्लेख होता. हा एक विचारांत घेतलेला आणि मग टाकून दिलेला पर्याय होता, तो मजकूर चुकून छापला गेला, असा खुलासा सरकारनें केला. खुलासा खराच होता. परंतु उतरलेल्या कराच्या पाठीशीं चढलेला कर दबा धरून बसला आहे, असें ज्यांना आधींच वाटत होतें, त्यांना हातांत पुरावा आल्यासारखें झालें. विरोधी हुजूर पक्षाचे जॉर्ज ऑसबोर्न यांनीं करांचा बाँबगोळा अशी त्या योजनेची संभावना केली.

आतां प्रश्न असा कीं, लोक इतक्या सहजपणें वाईटावर विश्वास ठेवण्यास कां तयार होते? त्याचें मूळ याच सरकारच्या आधींच्या एका करकपातींत आहे, आणि ती कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

२१ मार्च २००७ रोजीं ब्राउन यांनीं अर्थमंत्री या नात्यानें आपलें शेवटचें अंदाजपत्रक मांडलें. त्या वेळीं मंदीची चाहूलहि नव्हती. भाषणाच्या अगदीं शेवटीं, नाटकाच्या शेवटच्या प्रवेशांत रत्नजडित पेटी उघडावी त्याप्रमाणें, त्यांनीं प्राप्तीवरील कराचा मूळ दर शेंकडा २२ वरून २० वर आणल्याचें जाहीर केलें. सरकार पक्षाच्या बांकांवर जल्लोष झाला. पण पेटीच्या तळाशीं दुसरी एक चिठ्ठी होती. मिळकतीच्या अगदीं पहिल्या करपात्र तुकड्यावर शेंकडा १० असा जो सौम्य दर होता, तो रद्द होणार होता; आणि त्या तुकड्यावरहि यापुढें शेंकडा २० द्यावे लागणार होते. गंमत अशी कीं, हा दहाचा दर ब्राउन यांनींच १९९९ सालीं अल्प मिळकतीच्या माणसासाठीं म्हणून सुरू केला होता. म्हणजे बऱ्या मिळकतीच्या माणसाला जी सूट मिळाली, तिच्या खर्चाचा एक भाग मुलेंबाळें नसलेला, वर्षाला अठरा हजार पौंडांहून कमी मिळविणारा नोकर भरणार होता. ज्याची मिळकत फारच थोडी होती त्याला याचा तोटा वर्षास दोनशें पौंडांहूनहि अधिक बसत होता.

भाषणाच्या दिवशीं ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आली नाहीं. एप्रिल २००८ मध्यें नवे दर लागू झाले आणि पगाराची चिठ्ठी हातीं पडली, तेव्हां ती सर्वांच्या ध्यानांत आली. सुमारें त्रेपन्न लक्ष कुटुंबांचें नुकसान होत होतें. मजूर पक्षाला मत देणारीं तीं घरें. त्यांच्यावरच मजूर पक्षाच्या अर्थमंत्र्यानें करकपातीच्या नांवाखालीं कर वाढविला होता! फ्रँक फील्ड या त्याच पक्षाच्या सभासदानें पार्लमेंटांत बंडाचें निशाण उभारलें, आणि पुष्कळ सहकारी त्याच्या मागें गेले. नाइलाजास्तव १३ मे २००८ रोजीं डार्लिंग यांनीं नवा तोडगा काढला. करमुक्त मिळकतीची मर्यादा ६०० पौंडांनीं वाढविली, आणि त्यामुळें मूळ दरानें कर देणाऱ्या सुमारें सव्वादोन कोटि लोकांस त्या वर्षीं १२० पौंडांचा लाभ झाला. खर्च २७० कोटि पौंड. तो सर्व कर्ज काढून. त्रेपन्न लक्ष कुटुंबांपैकीं बेचाळीस लक्षांची भरपाई पुरी झाली. उरलेल्या अकरा लक्षांना, म्हणजे अगदीं तळच्यांपैकीं पुष्कळांना, थोडा तोटा राहिलाच. आणि ज्यांचें कांहींच गेलें नव्हतें अशा लक्षावधि लोकांना मात्र फुकटची भेट मिळाली.

या भेटीच्या तारखेकडे लक्ष द्यावें. नऊच दिवसांनीं, २२ मे रोजीं, क्रू आणि नँट्विच या मतदारसंघांत पोटनिवडणूक व्हावयाची होती. ग्विनेथ डनवुडी या ज्येष्ठ सभासदबाईंच्या मृत्यूमुळें जागा रिकामी झाली होती, आणि मजूर पक्षानें त्यांच्याच कन्येस उभें केलें होतें. २००५ सालीं त्या पक्षाला तेथें सात हजारांहून अधिक मतांचें आधिक्य होतें. मतदारांनीं १२० पौंड घेतले, आणि हुजूर पक्षाच्या उमेदवाराला ७,८६० मतांच्या आधिक्यानें निवडून दिलें. मजूर पक्षाची जागा पोटनिवडणुकींत हुजूर पक्षानें घेण्याचा असा प्रसंग १९७८ नंतर प्रथमच घडला. पैसे घेऊन मत न देणाऱ्या मतदारास कोणी कांहींहि म्हणो. पण ती रक्कम त्याचीच होती, ती आधीं काढून घेतली होती आणि गरज पडली तेव्हां परत केली होती, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. उधारी बुडविणाऱ्यानें दिवाळीस पेढ्यांचा पुडा पाठविला तर वाणी पुडा ठेवून घेतो आणि वहींतली बाकी तशीच ठेवतो, तशांतलाच हा प्रकार.

सहा महिन्यांनीं व्हॅटची कपात जाहीर झाली ती याच मतदारांपुढें. तेव्हां त्यांनीं तिच्या मागें काय दडलें आहे तें आधीं शोधलें, यांत नवल कसलें?

असें असलें तरी सरकारची बाजूहि पोकळ नव्हती. मंदींत घराघरांतून खर्च आखडला जातो. एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत असल्यामुळें दुसऱ्याचीहि मिळकत आटते, आणि सगळेच काटकसर करूं लागले म्हणजे सगळेच गरीब होतात. हा केन्सचा विचार आतां जुना झाला आहे, परंतु खोटा ठरलेला नाहीं. अशा वेळीं सरकारनें पैसा सोडावा हें ठीक; पण कसा सोडावा? अमेरिकेनें त्याच वर्षीं दुसरा मार्ग धरला होता. १३ फेब्रुवारी २००८ रोजीं अध्यक्ष बुश यांनीं एका कायद्यावर सही केली, आणि त्या उन्हाळ्यांत बहुतेक करदात्यांना माणशीं ३०० ते ६०० डॉलर, मुलामागें आणखी ३०० डॉलर असे घरपोंच मिळाले. मिशिगन विद्यापीठाच्या मॅथ्यू शपायरो आणि जोएल स्लेमरॉड या दोन प्राध्यापकांनीं लोकांना विचारलें, या पैशाचें काय करणार? मुख्यतः खर्च करूं, असें सांगणारे लोक पांचांत एकच निघाले. बाकीच्यांनीं शिल्लक टाकूं किंवा देणें फेडूं असें सांगितलें. एकदांच आलेला पैसा जपून ठेवावा, ही घरोघरची रीत आहे. मिल्टन फ्रीडमन यांनीं १९५७ सालीं हीच रीत सिद्धान्ताच्या भाषेंत मांडली.

व्हॅटच्या कपातीचें कोडें येथेंच सुटतें. हातीं रोख रक्कम न देतां किंमतच तेरा महिन्यांपुरती उतरविली, तर ती कपात तात्पुरती आहे हेंच तिचें बळ होतें. आज घेतलें तर थोडें स्वस्त, पुढल्या जानेवारींत थोडें महाग. तेव्हां घ्यावयाचेंच असेल तर आतांच घ्यावें. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेंतील अभ्यासकांनीं त्या वेळीं हाच मुद्दा मांडला: बँक ऑफ इंग्लंडनें व्याजाचा दर दोन टक्क्यांच्या आसपास उतरविला तर त्याला कोणी क्षुल्लक म्हणत नाहीं, मग त्याच मापाचा परिणाम करणाऱ्या कराच्या उतारास क्षुल्लक कां म्हणावें? हुजूर पक्षाचे माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनीं तर स्वपक्षाच्या सुराबाहेर जाऊन अशा तात्पुरत्या कपातीचा पुरस्कार केला होता. उलट जर्मनीचे अर्थमंत्री पीर श्टाइनब्रुक यांनीं डिसेंबरमध्यें एका मुलाखतींत ब्रिटनच्या या उधळपट्टीवर कडक टीका केली, व हें कर्ज फेडण्यास एक सबंध पिढी लागेल असें बजावलें. म्हणजे शहाण्यांतहि एकमत नव्हतें. मग सामान्य माणसानें कोणाचें ऐकावें?

या वादांत डेव्हिड रिकार्डो याचें नांव नेहमीं निघतें, आणि बहुधा चुकीच्या रीतीनें निघतें. सरकारनें कर न घेतां कर्ज काढलें तर शहाणे लोक पुढच्या करासाठीं तितकीच रक्कम बाजूला ठेवतील, आणि कपातीचा परिणाम शून्य होईल, असा सिद्धान्त त्याच्या नांवानें सांगतात. १८२० सालच्या आपल्या निबंधांत त्यानें दोन कोटि पौंडांच्या युद्धखर्चाचें उदाहरण घेतलें आहे खरें. ते दोन कोटि एकदम द्यावे, किंवा शेंकडा पांच व्याजानें दरवर्षीं दहा लक्ष कायमचे देत राहावे. हिशोबानें दोन्ही सारखेंच, असें तो म्हणतो. परंतु लगेच पुढें, लोक असा हिशोब करीत नाहींत, असेंहि तो सांगतो. लंडनच्या रोखेबाजारांत ज्यानें स्वतःच्या हातांनीं अफाट संपत्ति मिळविली, त्याला माणसांचा स्वभाव ठाऊक होता. २००८ चे ब्रिटिश लोक या दोहोंच्या मधोमध उभे होते. पुढच्या कराची रक्कम पेन्सांपर्यंत मोजून कोणी बाजूला ठेवली नाहीं. पण पुढें कर आहे ही जाणीव मात्र प्रत्येकाला होती, आणि तेवढी जाणीव उत्साह घालविण्यास पुरेशी असते.

मग प्रत्यक्षांत काय झालें? येथें लोक जें बोलले आणि लोकांनीं जें केलें, त्यांत अंतर पडलें. अमेरिकेंतच पाहावें: पुढें ज्या अभ्यासकांनीं कुटुंबांच्या खऱ्याखुऱ्या खर्चाचीं टिपणें तपासलीं, त्यांना असें दिसलें कीं शिल्लक टाकूं म्हणणाऱ्यांच्या त्या देशांत मिळालेल्या रकमेचा बराच मोठा भाग कांहीं महिन्यांतच खर्च झाला होता. ब्रिटनमध्येंहि दोन पेन्सांची थट्टा करणारे लोक दुकानांत गेले नाहींत असें नाहीं. त्या कपातीचा नंतर जो अभ्यास झाला त्यावरून असें दिसतें कीं, आरंभीं किंमती खरोखरच उतरल्या. मात्र थोड्याच महिन्यांत तो उतार बराचसा नाहींसा झाला, म्हणजे सुटीचा कांहीं भाग पुनः दुकानदाराकडे गेला. किरकोळ विक्रीचें आकारमान शेंकडा एकच्या आसपास अधिक भरलें, आणि त्यांतलाहि कांहीं भाग पुढची खरेदी अलीकडे ओढल्याचा होता. शिखरापासून तळापर्यंत ज्या मंदीनें राष्ट्राचें उत्पन्न सुमारें शेंकडा सहानें खालीं आणलें, तिच्यापुढें हें बळ थोडें खरें, पण शून्य नव्हे. कपात निरुपयोगी आहे असें म्हणणारे त्या बाबतींत चुकले. ती फुकट नाहीं असें म्हणणारे मात्र चुकले नाहींत, आणि दुर्दैव असें कीं सरकारनें वाद घातला तो पहिल्यांशीं. दुसऱ्यांना द्यावयाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. निदान १० टक्क्यांच्या त्या प्रकरणानंतर त्याच्या तोंडीं तें शोभणारें नव्हतें.

ठरल्याप्रमाणें १ जानेवारी २०१० रोजीं दर पुनः शेंकडा १७.५ झाला. मे महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक आली. त्या निवडणुकीच्या प्रचारांत हुजूर पक्षाला व्हॅट वाढविणार काय असें वारंवार विचारण्यांत आलें, आणि तशी आमची योजना नाहीं असें उत्तर वारंवार मिळालें. लिबरल डेमोक्रॅट पक्षानें तर हुजुरांच्या व्हॅटच्या बाँबगोळ्याविषयीं लोकांस सावध करणारें मोठें भित्तिपत्रक लावलें. मजूर पक्ष हरला; हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचें संयुक्त मंत्रिमंडळ आलें; आणि २२ जूनला नवे अर्थमंत्री ऑसबोर्न यांनीं व्हॅटचा दर शेंकडा २० करण्याचें जाहीर केलें. ज्यांनीं भित्तिपत्रक लावलें होतें, ते त्या वेळीं त्यांच्या शेजारच्या बांकावर बसले होते.

नवा दर ४ जानेवारी २०११ पासून लागू झाला. त्याआधींच्या डिसेंबरांत दुकानांच्या कांचांवर, दर वाढण्यापूर्वीं घेऊन ठेवा, अशा पाट्या लागल्या. दोन वर्षांपूर्वीं शेंकडा अडीचच्या कपातीला जे हंसले होते, त्यांच्यापुढें आतां शेंकडा अडीचचीच वाढ होती. या वेळीं कोणी हंसलें नाहीं, आणि सरकार असें करीलच कशावरून, असेंहि कोणी विचारलें नाहीं.